आजीच्या वाटीवरचं झाकण

कळंबोली,
गुरुवार, ५ मार्च

आदरणीय क्रांतीआत्या,

सप्रेम जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस ना, की गावातल्या बायकांना वाटून मोकळी झालीस? नवीन वासरू उभं राहायला लागलं का? आम्ही सगळे इकडे ठीक आहोत. आजीच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं चांगली झाली आणि आता तिला इतकं स्वच्छ दिसतं, की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने भाजीत हळद जास्त घातली हेही ती इथून सांगते.

पुढे जाण्याआधी एक दुरुस्ती. मला शाळेत घालायच्या आधी तूच घरी पाटीवर शिकवलंस, की चूक सापडली की आधी ती पुसायची, मग पुढची ओळ. तर मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की अंकुश सुशी करतो आणि सुशी म्हणजे कच्चा मासा. हे चूक आहे. सुशी म्हणजे सिरका लावलेला भात. त्यावर कधी मासा ठेवतात, कधी अंडं, कधी नुसती काकडी. भाताशिवाय नुसते कच्च्या माशाचे काप असतील तर त्याला साशिमी म्हणतात. मी दोन्हींची गल्लत केली. तू ती गल्लत फोनवर आजीला सांगितलीस (याबद्दल तक्रार नाही, 'कुणाला सांगू नकोस' असं लिहायला मीच विसरले होते) आणि आजीने संध्याकाळी मला विचारलं, "त्या पोराच्या घरी ग्यास नाही का गं?"

तेव्हापासून आमच्या घरात अंकुशचं नाव 'बिनग्यासवाला' असं पडलं. बाबांचं म्हणणं आधीपासूनच होतं, की मुलगा दुसऱ्यांच्या भांड्यात पळी फिरवतो. (सीवूडला कारखान्यांमध्ये येणारे जपानी इंजिनीअर जिथे राहतात, त्या गेस्ट हाऊसमध्ये तो स्वयंपाकी आहे. तिथल्या आधीच्या जपानी आचाऱ्याच्या हाताखाली तो सगळं शिकला. मी पावण्याच्या ज्या रंगाच्या कारखान्यात माल तपासते, तिथे त्यांच्या गेस्ट हाऊसचे डबे येतात आणि एकदा डब्यात केस सापडला म्हणून मी तक्रार नोंदवली, तिथून आमची ओळख. केस माझाच निघाला. मी लेखी दिलगिरी पाठवली होती.) शेवटी आईने तोड काढली. ती म्हणाली, मुलगा बघायचा तर त्याच्या हातचं खाऊन बघा. आईला स्वतःला रविवारी हॉस्पिटलची ड्यूटी होती, पण तिला तो आधीपासूनच पसंत आहे. म्हणून मागच्या रविवारी बाबा, आजी आणि मी अंकुशच्या घरी शिरवण्याला गेलो. म्हणजे आपल्याकडे मुलगी पोहे देते, तसा मुलाने पोहे देण्याचा कार्यक्रम, फक्त पोहे जपानी.

मी आठवडाभर दोघांची तयारी करून घेतली. भातात काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, ते तिकडे मयताचं लक्षण. वाटी उचलून तोंडाजवळ नेली तर चालते. वाढलेलं टाकायचं नाही, आचाऱ्याचा अपमान होतो. ("हे जपानहून सांगायला लागतंय का?" इति आजी.) आणि शेवयांसारखे लांब पदार्थ मोठा आवाज करून ओढून खायचे, ते कौतुक समजतात. हे शेवटचं ऐकून बाबांचा चेहरा असा उजळला, की काय सांगू. तुला माहीतच आहे, तुझा दादा बशीतला चहा फुर्रकन ओढतो आणि आजी त्याला साठीला आला तरी त्यावरून बोलते. बाबा म्हणाले, "बघ बाई, एक अख्खा देश माझ्या बाजूने हाय."

आत्या, पहिला अर्धा तास इतका सुंदर गेला, की मला भीती वाटायला लागली. आधी मिसो सूप आलं. अंकुशने सांगितलं, की मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. आजी वाटीकडे बघतच राहिली. म्हणाली, सगळा जन्म सोयाबीन पेरलं, काढलं, मोंढ्यावर नेऊन टाकलं, आणि याचं असं काही होतं हे एकाही अडत्याने सांगितलं नाही. मग ताकोयाकी आली. आप्प्यांसारखे गोळेच ते. खरी ती ऑक्टोपसची, पण अंकुशने त्याच्याच जातीचं माकूळ घालून राहीबाईंच्या (त्याच्या आईच्या) आप्पेपात्रात केली होती. बाबांनी एक गरम अख्खी तोंडात टाकली आणि पुढची पाच मिनिटं जे हातवारे केले ते राहीबाईंना पसंतीचे वाटले. ओकोनोमियाकीला आजीने 'कोबीचं धपाटं' म्हणून पास केलं. तेम्पुराला 'भजी, पण लाजलेली' म्हणाली, कारण पीठ अगदी पातळ असतं. सुशीही होती, काकडीची. आजीने ती उलटीपालटी करून बघितली आणि हळूच स्वयंपाकघरात डोकावून आली. ग्यास होता. दोन शेगड्यांचा.

आणि मग अंकुशने वान्को सोबा काढला.

ही जपानच्या उत्तरेकडची आग्रहाची पद्धत. सोबा म्हणजे कुट्टू नावाच्या धान्याच्या पिठाच्या शेवया. त्या घासभरच लहान वाटीत वाढतात. पाहुण्याने घास संपवला, की मागे उभा असलेला माणूस पटकन दुसरा घास वाटीत टाकतो. मग तिसरा. पाहुण्याचं पोट भरलं, की त्याने वाटीवर झाकण ठेवायचं. झाकण पडेपर्यंत वाढणाऱ्याने थांबायचं नाही, आणि पडलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. अंकुशला वाटलं, आपल्या माणसांना हे नक्की आवडेल. त्याने प्रत्येकापुढे स्टीलची वाटी आणि शेजारी झाकण ठेवलं.

झाकणाचं सांगायचं राहिलं होतं, आत्या. मी ते रिक्षात सांगणार होते, पण रिक्षावाल्याने गाणी लावली होती.

बाबा आवाज काढण्यातच इतके रमले, की त्यांची पहिलीच वाटी लवकर सरेना. पण आजी! आजीचा नियम तुला मी काय सांगायचा. पाहुण्याने 'पुरे' म्हणायचं नाही, वाढणाऱ्याने ओळखायचं. आणि वाटीत काही उरवायचं नाही. इकडे अंकुशचा नियम, की झाकण पडल्याशिवाय थांबायचं नाही. आजी रिकामी करतेय, अंकुश भरतोय. आजी त्याच्याकडे बघून हसतेय, अंकुश वाकून नमस्कार करून पुन्हा भरतोय. दोघंही इतकी सभ्य, की कुणीच माघार घेईना. मी माझं झाकण उचलून हवेत दोनतीनदा हलवून दाखवलं, तर आजी म्हणाली, "झाकणाशी खेळू नको, लहान हायेस का?" आता मुलाच्या घरी, त्याच्या आईसमोर, 'आजी, आता खाणं थांबव' असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? मी मोजणं सोडून दिलं. राहीबाई पदराने वारा घालायला लागल्या, आजीला नव्हे, अंकुशला.

आणि सोबा संपला. अंकुश घामाघूम होऊन आत गेला. राहीबाई त्याच्यामागे गेल्या. डब्याचा आवाज आला, फोडणीच्या कढईचा आला, आणि तो पुन्हा पातेलं घेऊन बाहेर आला. त्यात शेवया होत्या. तुझ्या.

इथे दुसरी दुरुस्ती करते. मागच्या उन्हाळ्यात तू पाठवलेल्या शेवयांची 'आम्ही घरी खीर केली' असं मी लिहिलं होतं. अर्ध्यांचीच केली. अर्ध्या मी राहीबाईंना नेऊन दिल्या होत्या, कारण त्यांनी मला माकुळाचं सुकं दिलं होतं आणि रिकामा डबा कसा परत करायचा?

तर तुझ्या शेवया माशाच्या जपानी पाण्यात उकडून आजीच्या वाटीत पडल्या. आजीने पहिला घास घेतला. थांबली. माझ्याकडे बघितलं. आणखी थोड्या खाल्ल्या, मग शांतपणे शेजारचं झाकण उचललं आणि वाटीवर ठेवलं. (मला वाटलं, उरलेलं घरी न्यायला.) अंकुशने आणि राहीबाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या. बाबा दचकले. मग उठले. आपल्याकडे बैठकीत लग्न ठरल्यावर टाळ्या पडतात ना, तसं समजून त्यांनीही टाळ्या वाजवल्या आणि अंकुशला मिठी मारली! अंकुशला वाटलं, सोबा आवडला. राहीबाईंना वाटलं, कोकणाबाहेरची माणसं जेवणाचे आभार असेच मानत असतील.

रिक्षात बाबा हॉल कुठला घ्यायचा यावर बोलत होते. सोमवारी त्यांनी कामावर, स्टील मार्केटच्या वजनकाट्यावर, सगळ्यांना पेढे वाटले, ट्रक ड्रायव्हरांसकट. आजीला विचारलं, की ती डाळ निवडायला घेते. आणि अंकुशचा रोज मेसेज येतो, की निरोप कधी देणार, आजींना काही आवडलं नाही का? म्हणजे इकडे पेढे संपले आणि तिकडे मुलाला वाटतंय, की नकार येतोय.

मला हे लग्न हवं आहे, आत्या. पण ते शेवयांच्या टाळ्यांवर ठरलेलं नको. बाबांना खरं सांगितलं तर ते पेढे परत मागायला निघतील. नाही सांगितलं तर जन्मभर मला प्रत्येक वाटीवरचं झाकण टोचेल. काय करू ते तू कळव. सगळ्यांना जय भीम, वासराच्या पाठीवर माझा हात फिरव.

तुझी,
दीक्षा

ता. क. : खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. मागच्या वर्षीच्या शेवया उरल्या असतील तर पाठवशील का? राहीबाईंचा डबा आपल्यामुळे रिकामा झाला, त्याची रुखरुख लागली आहे. ट्रॅव्हल्सवाला कळंबोलीलाच उतरवतो.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात आजी आली आणि सगळं पत्र मोठ्याने वाचायला लावलं. शेवयांपाशी आल्यावर ती इतकी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं. ती सांगते तसं लिहिते आहे: "क्रांते, तुझ्या हातची शेवई मी ओळखणार नाही का? पहिल्याच घासाला कळलं. पोरीने आत्याच्या शेवया त्या घरात नेऊन ठेवल्या, मग ठरवायला ऱ्हायलंच काय? म्हणून झाकलं मी. आणि भांडं झाकलं की पुरे, हे सांगायला जपानी माणूस लागतो व्हय! पोरगं वाढताना तोंड वाकडं करतं का तेवढं बघत होते. नाही केलं. पाय लई दुखले असतील बिचाऱ्याचे." बाबांना खरं सांगण्याबद्दल तिचं म्हणणं, की तिचा होकार झाकणातच होता, म्हणजे पेढे चुकीचे नव्हतेच, नुसते लवकरचे होते.

ता. क. ३ : म्हणजे आजीचं ठरलं, बाबांचं ठरलं, आईचं आधीच ठरलं होतं आणि काट्यावरच्या ड्रायव्हरांचंही ठरलं. फक्त अंकुशला कुणी विचारलेलं नाही. मी आजीला म्हटलं, मग आता बाबांना सांगू का विचारायला? ती म्हणाली, "त्यो पुन्हा टाळ्या वाजवंल. तूच विचार." तर शेवया शनिवारपर्यंत आल्या तर डबा घेऊन, नाही आल्या तर रिकाम्या हाताने, पण मी शिरवण्याला जाऊन अंकुशला स्वतः विचारणार आहे, रविवारी, १५ मार्चला.