जीवितहानी निरंक

९ जून
सकाळची वायरलेस चाचणी झाली. टेकडीवरचा रिपीटर ठीक. गावागावांचे आवाज तोच उचलतो आणि जिल्ह्याला पोचवतो. तो पडला की वादळात आमची कचेरी मुकी. मोबाइलचं काय घेऊन बसलात, वारा सुटला की पहिले तेच मान टाकतात.

रिपीटरच्या खोलीतली बॅटरी फुगलीय. चौथं पत्र दिलं. साहेब (यापुढे सा., त्याहून जास्त शाई घालवायची नाही) म्हणाले, जनरेटर आहे ना? आहे. दिना आहे ना? आहे. मग बॅटरी कशाला?

दिना म्हणजे टेकडी सांभाळणारा आमचा कंत्राटी माणूस, कोळीवाड्यातला. हात सोन्याचे, तोंड फटकळ. मागच्या वादळात पत्रे वाजतायत म्हणून न विचारता खाली उतरून आला. लाइन दोन तास बंद. मेमो कुणाला? मला. सगळ्या नोकरीतला पहिला. तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते. तो मात्र दर आठवड्याला विचारतो, ताई, सुकट आणू का? नको म्हणते.

१० जून
वादळ उद्या. काल अलिबागला लागणार होतं, आज श्रीवर्धनकडे म्हणतायत. त्यांचं त्यांना ठरवू दे. सुट्ट्या सगळ्यांच्या रद्द.

दिनाला वर पाठवलं. जनरेटर वरच आहे, बरोबर पेट्रोलचे दोन कॅन आणि भाकऱ्या. त्याची बायको हिरा आली होती, सुक्या मासळीच्या टोपल्या घरात घ्यायच्या सोडून. मला म्हणाली, लय वारा झाला तर याला उतरवा हां ताई. मी म्हटलं, बघू. दिना हसला. मी नाही हसले.

नवी वही काढली. वायरलेसवर जे बोललं जाईल ते वेळेसकट वहीत, समोरच्याचं आणि आपलंही, शब्दाला शब्द. तेवढा एक नियम मी आजवर मोडलेला नाही.

११ जून
(सेटसमोरून हलता येत नाही. मधेमधे लिहितेय.)

दहा. वीज गेली, मोबाइल गेले. आता आम्हीच. दिना: जनरेटर चालू केलाय. छान.

जिल्ह्याला दर तासाला तक्ता हवा. घरं किती पडली, झाडं किती, जीवितहानी किती. नसेल तर 'निरंक' म्हणायचं, गप्प बसायचं नाही.

बारा तीस. झावळ्या खिडकीवर आदळतायत. दिना: पडवीचा पत्रा गेला, जनरेटर भिजतोय, उतरू का? सा. जिल्ह्याच्या बैठकीत, दुसऱ्या सेटवर. त्यांना मधे कसं विचारणार? खोटं कशाला लिहू, विचारायचंच नव्हतं मला. मेमो डोक्यात होता. म्हटलं, "खाली यायचं नाही. जनरेटर आत ओढ, दार लाव, पण लाइन तुटू देऊ नको."

"आत धूर व्हईल, ताई."

"मग खिडकी उघड. नाटकं नकोत."

बारा चाळीस. दिना: खिडकीतून पाणी येतंय, मशिनवर उडतंय, खिडकी लावतो. अर्ध्या तासानं हाक द्याल ना? मी: देते.

सगळं वहीत घेतलं.

एक. निरंक. तक्त्यात चूक निघाली, सुपारीची झाडं माडांच्या रकान्यात गेली होती. पुन्हा सगळं वाचून दाखवलं.

दोन. निरंक. आवाज एकदम स्वच्छ. जिल्ह्याचा ऑपरेटर म्हणाला, तुमच्यासारखी लाइन आज कुणाची नाही. फुगले मी. मग दिनाची आठवण झाली. हाक दिली, उत्तर नाही. परत दिली. नाही. लाइन चालू म्हणजे जनरेटर चालू, जनरेटर चालू म्हणजे हा तिथेच बसलाय आणि रुसलाय. रुसू दे म्हटलं, आपलं काय जातंय.

तीन. निरंक. आणि मग जिल्ह्याहून तातडीचा निरोप: उद्या वरचे लोक पाहणीला येणार, जेवण कुठे, पानं किती, त्यात शाकाहारी किती. सा. बैठक सोडून धावत माझ्या सेटवर आले. तासभर हेच. सुरमई मिळेल का? मासेमारी बंद आहे हो, सुरमई कुठून आणू, असं म्हणताना सा. सेटला हात जोडत होते. सोलकढी चालेल? चालेल.

चार. निरंक.
पाच. निरंक.
पाच वीस. लाइन गेली. पेट्रोल संपलं असणार.

१२ जून
दिना मेला.

वाटेत झाडं आडवी, माणसं वर पोचली ती उजाडल्यावर. खिडकी बंद, दार बंद, धूर कोंडलेला. दाराला लागूनच पडला होता, हात कडीच्या दिशेला. डॉक्टर म्हणाले, काल दुपारीच, दीडच्या आसपास.

म्हणजे दोनचं निरंक, तीनचं, चारचं, पाचचं. सगळं त्याच्या उशाजवळून गेलं. सोलकढीसुद्धा.

आणि मी म्हटलं रुसलाय.

रडू आलं नाही. घरी येऊन जेवले. वरून दुसऱ्यांदा भात घेतला. कसली बाई आहे मी.

१५ जून
पाहणी झाली, जेवणं झाली. वरच्यांनी लाइनचं फार कौतुक केलं म्हणे. मला प्रशस्तिपत्र मिळणार आहे. ते कुठे लावू, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

सा.नी बोलावलं. आमच्याकडे जुनी पद्धत आहे: वादळात वही भिजते, म्हणून नंतर तिची स्वच्छ प्रत उतरवायची आणि भिजकी जाळून टाकायची. मीच कित्येक उतरवल्यात. सा. म्हणाले, उतरवायला घ्या. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साडेबाराचं पान फार भिजलंय ना? वाचता येत नसेल."

पान ठणठणीत कोरडं आहे.

त्यांच्या अहवालात आधीच लिहून झालंय, कर्मचाऱ्याने सूचनेविरुद्ध जनरेटर खोलीत घेतला. चूक दिनाची ठरली की हिराला काही नाही, ना मदत, ना त्याच्या जागी काम. सा. म्हणाले, मी तुम्हाला वाचवतोय, बाई. दोनदा म्हणाले. आपण कुठे होतो, कुणाशी सोलकढी ठरवत होतो, तेही त्याच वहीत आहे, हे नाही म्हणाले. मीही नाही म्हटलं. चहा प्यायले त्यांचा.

१७ जून
उतरवतेय. अक्षर इतकं सुंदर येतंय की माझाच मला राग येतोय. साडेबारापाशी थांबले. दोन ओळी कोऱ्या सोडून पुढचं उतरवलं. निरंक, निरंक, निरंक, हात आपोआप चालतो. त्या दोन ओळींत 'जनरेटर आत घेऊ नये अशी सूचना दिली' हे आरामात मावतं. पेन्सिलीनं मोजून पाहिलं. हो, पाहिलं.

हिराचा निरोप आलाय. उद्या येते म्हणाली. तो शेवटचा काय बोलला ते वहीत असतं ना, ते बघायचंय. दिनानंच तिला सांगितलं होतं म्हणे, आमच्या ताई सगळं लिहितात, एक शब्द सोडत नाहीत.

मेल्याला दुसरं काही सांगायला सुचलं नाही.

१८ जून
सकाळची चाचणी झाली. वर नवा माणूस, नवी बॅटरी. चार पत्रांना जी आली नाही ती आठवड्यात आली.

हिरा आलीय. चहा नको म्हणाली. पिशवीतून सुकट काढून दिली. त्यानंच ताईंसाठी बाजूला ठेवलेली, म्हणाली. घेतली मी. आज नको म्हणायला तोंड कुठे होतं?

मग म्हणाली, "तो काय येडा नव्हता, ताई. धुराचं त्याला सगलं कलायचं. मग मशीन त्यानी आत घेतली कशी?"

म्हटलं, बस, वही आणते.

आणायला आत आले ती इथेच बसलेय. दोन्ही वह्या समोर. सा. मघाशी येऊन टेबलावर काडेपेटी ठेवून गेले. पेन उघडंच आहे, त्यानंच हे लिहितेय. सुकटीचा वास खोलीभर झालाय.

बाहेरचं बाकडं वाजलं. उठली वाटतं. इकडेच येतेय.