डाव्या हाताची गाठ

मी, ताक ग्ये-वोल, वय एक्क्याऐंशी पूर्ण, राहणार सोलमे गाव, हेनाम तालुका, धंदा मिरची दळणे व तिळाचे तेल काढणे, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र राजीखुशीने स्वहस्ते लिहून ठेवते. मला दडपणाखाली आणील असा माणूस या तालुक्यात अजून जन्मायचा आहे.

हृदयाची झडप सैल झाली आहे, असे मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले. गिरणीची झडप मी तीनदा स्वतः बदलली आहे, पण ही बदलून घ्यायची माझी इच्छा नाही, हेही मी त्यांना सांगितले. प्रभूने पुष्कळ दिवस दिले, त्याबद्दल उपकारस्तुती. मला मरणाची भीती नाही. भीती फक्त एका गोष्टीची होती, ती सातव्या कलमात येईल. यापूर्वी वसंतात लिहिलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. का रद्द, तेही तिथेच.

कलम १. माझा देह चर्चच्या मागच्या टेकडीवर, नवऱ्याच्या डाव्या बाजूला ठेवावा. तो उजव्या कुशीवर झोपून घोरायचा, आता घोरणार नाही म्हणा. रडण्यास हरकत नाही, पण आधी सगळ्यांनी पोटभर जेवून घ्यावे. रश्श्यात मिरची माझ्याच गिरणीची घालावी. दुकानातली पुडी फोडाल तर मी उठून बसेन.

कलम २. राहते घर, परसू आणि सोयाबीन मुरवण्याचे अकरा रांजण मुलगी सू-ग्योंग हिला मिळावेत. हे मृत्युपत्र अमलात आणण्याची जबाबदारीही तिचीच. परसातल्या पर्सिमनच्या झाडाच्या शेंड्यावरची फळे काढू नयेत, ती पाखरांची आहेत. जावईबापू शिडी लावून शेंडा गाठतात हे मला माहीत आहे. त्यांनी लावू नये, पाखरांसाठीही आणि कमरेसाठीही.

पोस्टातली शिल्लक मुलगा इन-सो याला. तो दूर गोदीत जहाजे बांधतो आणि आईला फोन करायला त्याला वेळ मिळत नाही. त्याने ती शिल्लक घेऊन निदान एकदा बहिणीला फोन करावा.

कलम ३. गिरण, तिची जागा, मिरची दळायची दोन यंत्रे, तेलाचे दाबयंत्र, चाळण्या, सर्व हत्यारे थुई हिला मिळावीत. ती बारा वर्षांपूर्वी व्हिएतनामहून गावातल्या दुसऱ्या एका घरी सून म्हणून आली आणि आठ वर्षे माझ्याबरोबर गिरण चालवते. यावर इन-सो म्हणाला होता, "आई, ती परकी आहे गं."

मी म्हटले, "तीळ किती भाजला की तेल कडू होतं, सांग बरं."

थुई मागून म्हणाली, "वास बदलला की लगेच उतरवायचा." तेव्हा परकं कोण, ते ठरलं. तिला एकच अट. ज्या घरी चूल थंड आहे असे दिसेल, त्या घरचे दळण फुकट करावे आणि तोंडाने काही बोलू नये. "मशीन तपासत होते, तुमचं दळण त्यात गेलं," एवढे म्हणावे. ही थाप प्रभू माफ करतो, मी विचारून घेतले आहे.

कलम ४. माझी जाडजूड चादर आणि विजेवर गरम होणारी गादी पाळकबाईंना द्यावी. त्यांचे घर थंड आहे आणि त्या तसे कधीच म्हणत नाहीत.

कलम ५. स्वयंपाकघरातला तांदळाचा लहान रांजण आणि त्यावर ठेवलेली खादीची पिशवीही सू-ग्योंगला. याबद्दल जरा लिहावे लागेल, कारण हल्ली सगळे चर्चला पाकिटातून पैसे देतात आणि लेकी विसरल्या.

आमच्या तरुणपणी भात लावायच्या आधी घरातल्या माणशी एक मूठ तांदूळ बाजूला काढायचा. आठवडाभराचा तांदूळ पिशवीत भरून रविवारी चर्चच्या पेटीसाठी न्यायचा. पाळकाचे घर आणि गावातल्या रिकाम्या चुली त्यावर चालत. सगळ्या बायकांच्या पिशव्या एकाच ताग्यातून शिवलेल्या होत्या, म्हणजे कुणाची कुठली ते ओळखू नये. पण पेटीची किल्ली माझ्याकडे असायची आणि तोंड नुसते दुमडलेल्या, गाठ न मारलेल्या त्या पिशव्या मीच रिकाम्या करायची, तेव्हा मला सगळे ओळखू यायचे. हाच माझा दोष. सू-ग्योंग, तू भात लावत नाहीस, पाव खातेस. मग पावाची एक चकती काढ. पण आधी काढ, उरलेली नको.

कलम ६. आमच्या चर्चच्या कारभारी मंडळातले एल्डर प्यो ताए-ह्वान, वय एक्क्याण्णव, यांना या मृत्युपत्राने काहीही देण्यात येत नाही. त्यांना बेचाळीस बाटल्या तिळाचे तेल आधीच पोचले आहे.

एक्क्याऐंशी सालच्या मार्चमध्ये माझा नवरा वारला. गिरणीचा पट्टा तुटला होता, पदरात दोन पोरं. घरात तांदूळ नव्हता आणि चर्चच्या पेटीची किल्ली माझ्या कमरेला. पेटीतला घेईन तर नाव कुणाचे लिहू? मी ताठ मानेची, कुणाला बोलले नाही. मग एका सोमवारी सकाळी फाटकाला तांदळाची पिशवी लटकलेली दिसली. पुढे चौदा महिने दर सोमवारी. रिकामी पिशवी मी फाटकाला अडकवायची, ती भरून परत यायची. गावात सगळ्यात मोठी भातखाचरे एल्डर प्यो यांची, म्हणून मी त्यांनाच धरले. देणाऱ्याने लपवले ते आपण उघडे करू नये, म्हणून ब्याऐंशीपासून दर वर्षी सुगीनंतरच्या उपकारस्तुतीच्या सणाला बाटली देऊन एवढेच म्हणायची, "एल्डर, तुम्ही केलंत त्याबद्दल." आणि ते मान हलवून बाटली घ्यायचे.

या वसंतात मी त्यांना सरळ विचारले, "एल्डर, फाटकाला तांदूळ तुम्ही अडकवत नव्हतात?"

"कसले तांदूळ?"

"मग बेचाळीस वर्षं तेल कशाबद्दल घेत होता?"

"मला वाटलं, माझ्या प्रार्थनेबद्दल. मी लांबलचक करतो ना!"

देवा रे! सगळी मंडळी त्या प्रार्थनेत डुलक्या घेते. तरी माझा त्यांच्यावर राग नाही. तेल त्यांना पचले, तब्येत बघा कशी आहे.

कलम ७. को माक-रे, वय त्र्याऐंशी, माझ्या घरापासून चौथे घर.

त्याच एक्क्याऐंशी साली माक-रेची पिशवी अर्धी येऊ लागली. दर रविवारी अर्धी. माझी मात्र गच्च भरलेली, कारण फाटकावरच्या तांदळातूनही मी माणशी मूठ काढत होते आणि त्याचा मला गर्व होता. नोव्हेंबरात उपकारस्तुतीच्या जेवणाला तीस-चाळीस बायकांपुढे मी तिची पिशवी हातात तोलली आणि म्हटले, "काय हो, योंग-सूची आई, तुमच्या घरी मूठ लहान झाली का?" सगळ्या हसल्या. ती हसली नाही. पिशवीची घडी घालून घरी गेली.

त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. एकाच चर्चमध्ये, एकाच बाकड्यावर, त्रेचाळीस वर्षे. मिरची दळायला ती माझ्याकडेच यायची, पण मशीनशी बोलायची. "जाडसर पाहिजे," ती मशीनला सांगायची. "जाडसरच येतंय," मीही मशीनलाच सांगायची. गिऱ्हाईक पोट धरून हसायचे. मला वाटायचे, कंजूष ती, तोंड चुकवते आहे ती.

गेल्या डिसेंबरात एकट्या म्हाताऱ्यांसाठी चर्चमध्ये किमची, म्हणजे कोबीचे तिखट लोणचे, पिशव्यांत भरत होतो. एका पिशवीतून पाणी गळत होते, म्हणून तिची दोरी सोडायला मी बोट लावले. गाठ सुटेना, कारण ती उलट्या वळणाची होती. आणि माझ्या बोटांनी ती माझ्याआधी ओळखली. चौदा महिने दर सोमवारी हीच गाठ मी सोडली होती. मान वर केली तर पलीकडे माक-रे पुढची पिशवी बांधत होती, डाव्या हाताने. ती जन्माची डावखुरी आहे, हे मला मी पाच वर्षांची असल्यापासून ठाऊक होते.

अर्धी पिशवी चर्चला आणि अर्धी माझ्या फाटकाला. मी चारचौघींत तिचे नाक कापले, त्यानंतरही सहा महिने तांदूळ येत राहिला. माझ्या गच्च पिशवीतल्या, ज्या पिशवीचा मला गर्व, त्या मुठीही तिच्याच. हे कळल्यावर मला जी शरम वाटली ती लिहून दाखवता येत नाही. मी किमचीची परात तिथेच टाकून घरी आले.

वसंतात मी पहिले मृत्युपत्र लिहिले. त्यात माक-रेला सगळ्यात मोठा रांजण आणि दोन पाने माफी होती. सू-ग्योंगने ते वाचले.

"आई, म्हणजे माफ तिनं करायचं आणि तू तिथं हजरच नाहीस?"

"मेलेल्या माणसावर कोणी ओरडत नाही," मी म्हटले.

"तेच म्हणते मी. फार सोयीचं केलंस."

मी रागाने आठ दिवस तिचा फोन घेतला नाही. पण लेक खरे बोलली होती. भीती होती ती हीच. मी आधी गेले तर तिचा त्रेचाळीस वर्षांचा राग तिच्याजवळच राहणार, आणि ती आधी गेली तर माझी माफी माझ्याजवळ. तरीही पाय उचलेना. शरमेचे पाय जड असतात आणि माझे गुडघेही.

मग नोटरीच्या कारकुनाने फोनवर सांगितले, "आजी, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार, त्याला साक्षीदार होता येत नाही." मी लगेच विचारले, "आणि साक्षीदाराला समोर बसून सगळं ऐकावं लागतं?" तो म्हणाला, "अक्षर न् अक्षर." तेव्हाच ठरवले. रांजण रद्द. माक-रेने साक्षीदार व्हायचे, आणि मी जिवंत असताना, तिच्या तोंडासमोर हे वाचायचे.

गेल्या गुरुवारी नव्या हंगामाच्या तांदळाची पिशवी काठोकाठ भरली. गाठ डाव्या हाताने मारायला गेले, चार वेळा सुटली. चार घरांचे अंतर, वाटेत तीनदा थांबले. ती ओट्यावर लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "काय, मशीन बिघडलं वाटतं? मालकीण स्वतः आली."

मी म्हटले, "माक-रेताई, गाठ ओळखली मी." त्यापुढे पाठ केलेले एकही वाक्य आठवले नाही. लहान पोरीसारखी भोकाड पसरून रडले.

तिने पिशवी घेतली, डाव्या हातावर तोलली. बराच वेळ तोलली. मग म्हणाली, "काय हो, सू-ग्योंगची आई, तुमच्या घरी मूठ लहान झाली का?"

आणि हसली. त्रेचाळीस वर्षे ते वाक्य जपून ठेवले होते बयेने! मग तीही रडली. लसणाचा हात डोळ्याला लागला म्हणाली. मी कबूल केले, लसूणच असेल. "मग त्यानंतरही तांदूळ का ठेवत राहिलीस?" असे विचारले तर म्हणाली, "कसला तांदूळ? जेवून जा."

सबब, को माक-रे यांना या मृत्युपत्राने काहीही देण्यात येत नाही. माझ्याकडे त्यांचे जे होते ते गुरुवारी हातोहात दिले.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र लिहून, वाचून, पुन्हा एकदा मोठ्याने वाचून, त्यावर माझी सही व शिक्का केला. मुलांनी भांडू नये. भांडायचेच असेल तर बोलत भांडावे.

ठिकाण: नोटरीची कचेरी, हेनाम
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४, उपकारस्तुतीच्या सणानंतरचा मंगळवार

ताक ग्ये-वोल (सही व शिक्का)

साक्षीदार १: प्यो ताए-ह्वान, एल्डर. समक्ष ऐकले. कलम सहा खरे आहे. या वर्षीची बाटली अजून मिळालेली नाही, एवढी नोंद असावी.

साक्षीदार २: को माक-रे. समक्ष ऐकले. बाई शुद्धीवर आहे, तोंड पूर्वीसारखेच आहे. कलम सातमधल्या तांदळाबद्दल मी साक्ष देऊ शकत नाही, डाव्या हाताने काय केले ते माझ्या उजव्या हाताला ठाऊक नाही. बाईंनी उद्या माझ्याकडे जेवायला यावे. तांदूळ आणू नये.