नव्या सुनेचा पानगा

माय, आज गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर पानगे भाजले आणि पहिला फोडताना हात थांबला. आतून कच्चा निघेल, ही भीती अजून जात नाही. तुला जाऊन नऊ वर्षं झाली.

आपल्या करडी गावात कोणाचं काम बिघडलं की म्हणायचे, ‘झाला नव्या सुनेचा पानगा’. म्हणजे वरून जळका, आतून कच्चा. तुझी भाजी करपली की मीही म्हणायची. तू चुलीकडे तोंड करून बसायचीस.

मी बी.ए. झाले. घरातली पहिलीच. शाळेच्या पटांगणात सत्कार ठरला. मला वाटलं, भाषण कशाला, आपल्या खाण्याच्या नावांवर आणि म्हणींवर लिहून वाचावं. गावाला आपल्या बोलीची किंमत कळेल. वही तूच वरठीहून आणलीस. मी घरोघर फिरले. पळसाच्या पानात भाजतात म्हणून पानगा, हातावर लांबवत नेतात म्हणून लांब रोटी, असं सगळं लिहून घेतलं. त्या म्हणीचं मात्र कोणी सांगेना. शेवटी मोठी आई, तुझी जाऊ, हसत म्हणाली, “तुया मायचाच पानगा होता तो, बाई.” लग्नानंतरच्या पहिल्या चुरणीला, धानाच्या मळणीला, तू खळ्यावर पानगे भाजलेस आणि मजुरांनी ते बैलांपुढे टाकले.

कार्यक्रमाला तू पुढेच बसलीस, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. मी वाचते आहे. म्हण येते. मी कोणाचं नाव घेत नाही, पण मोठी आई तुझ्याकडे बघून तोंडाला पदर लावते आणि मग सगळेच बघतात. हसू मागच्या रांगांपर्यंत जातं. तू हलत नाहीस. मी पुढे वाचत राहते.

घरी आल्यावर तू सूप घेऊन तांदूळ निवडायला बसलीस. मान वर न करता म्हणालीस, “माहेरी आमचं दुकान. खळ्यावरचा सैपाक मले ठाव नव्हता. सासरे, दीर बसले होते, बाईमानूस मी एकटीच. किती वेळ भाजाचं, कोनाले इचारू?” एक खडा बाजूला टाकलास. “म्हनून तुले शिकवलं. इचारता यावं म्हनून. साऱ्या गावाले इचारलंस तू. मले नाही इचारलंस.”

मी म्हणाले, सुचलंच नाही. तू मान हलवलीस. तो विषय तू पुन्हा कधी काढला नाहीस, आणि पुढच्या चुरणीआधी तू गेलीस.

हा कागद त्याच वहीत ठेवते आहे. माय, सुचलं होतं. विचारलं असतं तर तू वाचू नको म्हणाली असतीस, आणि तेच पान सगळ्यांत चांगलं जमलं होतं.