नामदाराचं नाक

अण्णा, आज सकाळी पेपरातलं एक व्यंगचित्र बघितलं आणि फाडून टाकावंसं वाटलं, इतकं ते गोड होतं. पुढाऱ्याचं डोकं मोठं, पाय बारीक, गालाला खळी. ज्याचं काढलंय तो स्वतःच चौकट करून दिवाणखान्यात लावेल. तुम्ही असतात तर कप खाली आदळून म्हणाला असतात, "ही हजामत नव्हे, चंपी आहे!" चित्र बघून ज्याचं काढलंय त्याचं पित्त खवळलं नाही तर ते चित्र नाही, कॅलेंडर, असं तुम्ही जेवताना आम्हाला ऐकवायचात, आणि आई म्हणायची, "अहो, पोरं जेवताहेत, पित्त कशाला काढता?"

शाळेत तुम्ही ड्रॉइंग मास्तर. मुलांकडून घडा, पेरू, जास्वंद काढून घ्यायचात. पण संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत तुमचा खरा वर्ग गिरगावात, आपल्या वाडीच्या तोंडाशी भरायचा. तिथे चळवळीचा फळा होता. मुलं त्यावर बातम्या लिहीत आणि अर्धा फळा तुमच्यासाठी रिकामा ठेवत. शाळेला निघायच्या आधी, लेंगा-बनियनवर, तुम्ही चित्र काढताय आणि मी, कॉलेजात जाणारी घोडी, ओलं फडकं घेऊन बाजूला उभी आहे. तुम्ही रेघ ओढत नव्हतात, हाणत होतात. खडू तुटून अंगावर उडायचे. आदल्या दिवशी परळला लाठी चालली असेल तर फळ्यावर तुम्ही ती परत चालवायचात, या खेपेला उलट्या बाजूने. दूध आणायला आलेली माणसं थबकून बघत, हसत, आणि हसता हसता दातओठ खात. मला ते फार आवडायचं.

अडचण एकच होती. लाठ्या चालवणाऱ्या सरकारातल्या ज्या नामदारावर तुमचा दात होता, त्याला तुम्ही जवळून कधी पाहिलं नव्हतं. पेपरातल्या फोटोत त्याच्या तोंडाच्या जागी शाईचा डाग असायचा. चेहरा ठाऊक असल्याशिवाय बिघडवायचा कसा, म्हणून तुम्ही कुढत होतात. मग आपण कोपऱ्यावरच्या कागद-रंगांच्या दुकानात खडू आणायला गेलो. शेठ नेहमीसारखे हसले आणि त्यांचं नाक हललं. लांब, पोपटाच्या चोचीसारखं, टोक वरच्या ओठावर टेकलेलं. मी तुमच्याकडे पाहिलं तर तुमचे डोळे चोराचे झाले होते. दुसऱ्या दिवशी नामदार फळ्यावर पंगतीला बसले होते. पानात गिरण्यांची धुराडी वाढलेली, डावीकडे चटणीच्या जागी एक चाळ, आणि नाकाचं टोक वरणात बुडालेलं. आई बघून म्हणाली, "अहो, हे तर आपले शेठ!" तुम्ही म्हणालात, "नाक शेठचं, पाप त्याचं."

शेठ स्वतः बघायला आले. घरी गुजराती बोलणारा माणूस, पण आजोबांपासून गिरगावातला; त्यांचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत. पोट धरून हसले. "मास्तर, नाक माझं वापरलंत, मग खातं पण मलाच द्या की!" आणि संध्याकाळी रंगीत खडूंची एक पेटी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "वरण जरा पिवळं कर गं पोरी, आजाऱ्याचं वाटतंय." कुणाला पेलणार नाही असा विनोद त्या माणसाने हसत हसत अंगावर घेतला होता.

पण चित्र आपल्या वाडीत राहिलं नाही. लालबागच्या मुलांनी ते कागदावर उतरवून नेलं, दादरला कुणी भिंतीवर काढलं, परळला तर कागदाच्या लगद्याचं नाक लावलेला पुतळा जोड्यांनी बडवून जाळला. खरं तोंड कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे शेठचं नाक म्हणजेच नामदार असं होऊन बसलं. लोक त्याला नाकाड्या म्हणायला लागले. गोळीबार झाले तसं तुमचं चित्रही बदललं. नाकाखाली सुळे आले, सुळ्यांवरून लाल खडू ओघळायला लागला. आता फळ्यासमोर कुणी हसत नव्हतं. तुम्ही तर मुळीच नाही.

मग एका दुपारी गोळी आपल्याच रस्त्यावर चालते. अश्रुधुराने डोळे जळताहेत, सगळीकडे विटा, चपला, काचा. गिरणगावातून आलेला एक घोळका दोन माणसांना हातांवर उचलून नेतोय, त्यातल्या एकाची मान लोंबतेय. आपण दोघं वाडीच्या दाराआड उभे. समोर शेठ दुकानाची दारं ओढून घेताहेत. घोळक्यातला एक जण वळतो, फळ्याकडे बघतो, शेठकडे बघतो. "आरं, ह्यो बघ! नाकाड्या!" आणि अण्णा, ते आधी हसले. दुसऱ्यांच्या रक्ताने माखलेली माणसं खदाखदा हसली, जुनी ओळख निघाल्यासारखी. मग एकाने शेठचं नाक चिमटीत धरून पिरगाळलं. मग थप्पड. मग सोड्याची बाटली. शेठ ओरडत होते, "अरे, मी इथलाच रे, गिरगावचाच!" पण ते तोंड कुणाच्या लेखी बोलणारं नव्हतंच. खाली पडल्यावरही सगळे नेम धरून नाकावरच मारत होते.

तुम्ही धावलात. "तो नव्हे! चित्र मी काढलंय, मला मारा!" कुणीतरी अगदी आदराने म्हणालं, "मास्तर, चित्र बेस आहे तुमचं, तुम्ही बाजूला व्हा." तुम्ही शेठच्या अंगावर आडवे पडलात आणि त्यांच्यासाठी उचललेली फरशी तुमच्या उजव्या मनगटावर आली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी एकाच्या दंडाला चावले, रक्त येईतो चावले, सोडलं नाही. मग पोलीस आले आणि त्यांनी मारणाऱ्यांना, मार खाणाऱ्यांना, सगळ्यांना एकाच मापाने झोडपलं.

शेठ जगले. इस्पितळात त्यांच्या तोंडभर पट्ट्या होत्या आणि मधोमध सपाट. प्लॅस्टरमधला हात घेऊन तुम्ही खाटेशी उभे राहिलात, शिव्या खायची तयारी करून. ते कसेबसे घशातून बोलले, "मास्तर, आता नामदाराला कुणाचं नाक लावणार?" त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तुम्ही तरला असतात. महिन्याभरात दुकान बंद करून ते कुटुंबासकट निघून गेले. कुठे, ते आपल्याला कुणी सांगितलं नाही आणि विचारायचं तोंड तुम्हाला नव्हतं.

पुढे राज्य मिळालं. वाडीत दिवे लागले, पेढे वाटले, मुलं फळा धुऊन, खडू घेऊन दाराशी आली: "मास्तर, आजच्या दिवशी तरी." तुम्ही दार लावून घेतलंत. त्याच सुमारास मी आमच्या प्रिन्सिपॉलना पदवीचा झगा घातलेली म्हैस करून वहीच्या पानावर काढलं होतं. तुम्ही ते पान फाडलंत आणि त्याच मोडून वाकड्या बसलेल्या हाताने माझ्या मुस्काटात मारलीत. "पुन्हा माणूस काढलास तर बोटं मोडीन." मी ऐकलं. जन्मभर पाठ्यपुस्तकांसाठी पानांच्या शिरा आणि बेडकाची आतडी काढली, नीट, शास्त्रशुद्ध, कुणालाही न दुखवता. याचा मला राग आहे, अण्णा. आज नाही, रोज आहे. ज्यांनी गोळ्या झाडल्या त्यांनी बंदुका खाली ठेवल्या नाहीत. खडू तेवढा तुम्ही ठेवलात, आणि माझाही ठेवायला लावलात. चित्राने शेठला मारलं की माणसांनी, यावर मी मनातल्या मनात तुमच्याशी इतकी वर्षं भांडते आहे, आणि दर वेळी तुमचं मनगट आठवलं की माझं तोंड बंद होतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. शेठच्या तोंडात रुतलेल्या काचा मी माझ्या बोटांनी काढल्या आहेत, त्या मला अजून दिसतात. तरीही ते पंगतीचं चित्र फार चांगलं होतं, अण्णा. आज सकाळी वरणात बुडालेलं ते टोक आठवलं आणि मी एकटीच, डोळ्यांत पाणी येईतो हसत बसले.