सावलीचा रकाना

रविवार, १० जानेवारी १९४३

जोतिबा सकाळी सातालाच आला. चहा नको म्हणाला, उभ्यानेच बोलला. काल राखीव बनात दोन माणसे खोडांना हात लावीत, माना वर करून हिंडत होती. एकाच्या खांद्यावर मोजायची फीत होती. कोणत्या झाडांशी अधिक वेळ थांबली, असे मी विचारले. "आमच्याच वळीत," म्हणाला.

त्याची ओळ म्हणजे खासबागेच्या, म्हणजे त्यांच्या विणकर वस्तीच्या, बाजूची बनाच्या कडेची तेरा जांभळे. येथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण इतकी वर्षे विणकरांच्या शेजारात काढूनही मला हे आजच नीट समजले. सूत मागावर चढविण्यापूर्वी त्याची पांजणी करावी लागते — म्हणजे लांबच लांब ताणा उघड्यावर ताणून धरायचा, त्याला खळ लावायची आणि ती कुंच्याने घाशीत घाशीत वाळवायची. उन्हात केले तर खळ झटकन वाळते, सूत ताठ होते आणि मागावर तुटत राहते. घरात एवढी लांबी मिळत नाही. तेव्हा सावलीच हवी — लांब, सरळ, सलग! खासबागेतील चाळीस घरांना ती या तेरा झाडांनी दिली आहे. झाडे गेली तर पांजणी कोठे करणार, हे जोतिबाला विचारण्याचा धीर झाला नाही.

चौथीपर्यंत आम्ही एका रांगेत बसत होतो. तरी मला "मास्तर" आणि "तुमी" म्हणतो. कितीदा सांगितले!

मंगळवार, १२ जानेवारी

श्रीपाद जंगल कचेरीत कारकून आहे. त्याला गाठले. युद्धासाठी लाकडाची मागणी वरून येत आहे, रेंजर नवे आहेत, आणि आमच्या बनाविषयी कचेरीच्या दप्तरात एकच ओळ सापडते — "वीस एकर, झुडुपी." झुडुपी! जेथे दोन पुरुषांच्या कवेत न मावणारी झाडे उभी आहेत!

म्हणजे दोष अज्ञानाचा आहे. ज्याची नोंद नाही ते तोडताना कोणाचाच हात अडत नाही. मग नोंदच करू. प्रत्येक मोठ्या झाडाला क्रमांक, नाव, घेर, उंची, उपयोग. अशी यादी टेबलावर आली की त्या बनाची योग्यता कोणालाही पटेल.

वनभोजनाचा बेत करून मित्रांना बोलवायचे ठरविले. काम आणि सहल एकदमच.

शुक्रवार, १५ जानेवारी

रॉकेलचे दोन रिकामे डबे कापून पत्र्याचे एकशेसत्तर तुकडे केले. खिळ्याने ठोकून अंक उठविले — ८ हा अंक फार त्रास देतो. त्यातला एक डबा पद्मजाने पापडांसाठी ठेवला होता, हे कापल्यानंतर कळले. सौभाग्यवती संध्याकाळपर्यंत बोलल्या नाहीत.

शनिवार, २३ जानेवारी

उद्या! आभाळ स्वच्छ आहे.

रविवार, २४ जानेवारी

असा दिवस वर्षातून एखादाच येतो. क्रमाने लिहितो.

साडेसातला बनाच्या फाटकाशी जमलो — मी, पद्मजा, श्रीपाद, जोतिबा, त्याची बायको सोनाबाई आणि अर्ध्या तासाने रघुवीर वकील. छत्री, उशी आणि वर्तमानपत्र घेऊन आला. सहल म्हणून बोलावले आणि मोजणीदार केले, ही फसवणूक आहे, दावा लावीन, असे म्हणत आत शिरला.

मी कामे वाटून दिली. श्रीपाद घेर मोजणार, रघुवीर उंची, पद्मजा वहीत लिहिणार, सोनाबाई पत्रे बांधणार. खिळा मारून झाडाला इजा करायची नाही, असे मी आधीच ठरविले होते. सोनाबाईने मागावरच्या टाकाऊ सुताचे जाड दोरे वळून आणले होते. मला ते सुचलेही नसते.

उंची मोजण्याची रीत सर्वांना समजावली. डोळ्यापासून लांबविलेल्या मुठीपर्यंत भरेल एवढी काठी हात लांब करून उभी धरायची आणि झाड बरोबर काठीएवढे दिसेपर्यंत मागे सरायचे. तेथून झाडापर्यंत जेवढे अंतर, तेवढी झाडाची उंची! दोन त्रिकोण, एक लहान, एक मोठा, आकार तोच. काठीने मातीत आकृती काढून दाखविली. जोतिबाला एकदाच सांगावे लागले. रघुवीर काठी धरून मागे सरत सरत करवंदीच्या जाळीत बसला. पुढे तीन झाडांची उंची त्याने जागेवरून अंदाजानेच सांगितली. माझ्या लक्षात आले. तिन्ही आकडे खोडायला लावून त्याला परत पाठविले.

"अरे, चार फुटांनी काय बिघडतं? झाड काही अपील करणार नाही."

मी म्हणालो, न पाहिलेले वहीत लिहायचे नाही. एवढे एकच तर मी मुलांना एकोणीस वर्षे शिकवीत आलो आहे. तो कुरकुरत गेला, पण गेला.

अकराच्या सुमारास एका उंबरापाशी थांबलो. फळ चिरून दाखविले — ही फुले! उंबराला फूल येत नाही असे लोक म्हणतात, पण फुले आतच असतात, शेकड्यांनी. आणि एक चिलटाएवढी माशी बारीक छिद्रातून आत शिरून परागांची देवघेव करते. ती माशीही सापडली. सर्वजण डोकी एकत्र करून पाहत होते. पद्मजा म्हणाली, आजपर्यंत आवडीने उंबरे खाल्ली, आता या जन्मी नाही.

जांभळांची ओळ आली. क्रमांक ४१ ते ५३. येथे जोतिबाच शिक्षक झाला. सावलीचेही प्रकार असतात, हे मला ठाऊक नव्हते! नीलगिरीची सावली फुटकी. तिच्यात ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडते आणि ताणा एका जागी वाळतो, एका जागी ओला राहतो. चिंचेची बारीक, पण वाऱ्याबरोबर पळते. जांभळाची दाट आणि गार. तिला तो "वली सावली" म्हणतो, म्हणजे ओली. त्या सावलीत खळ सावकाश, सारखी वाळते. फक्त फळे पिकली की पंधरा दिवस तेथे जायचे नाही, नाहीतर पांढऱ्या सुताचे जांभळे लुगडे. रघुवीरने विचारले, मग ते जास्त दराने का विकत नाही?

"तसलं एक घरात हाय की वकीलसाहेब," सोनाबाई म्हणाली. "मीच नेसतो."

सर्वांत आधी तीच हसली.

त्याच सावलीत जेवलो. सोनाबाईच्या ज्वारीच्या भाकरी, भरलेली वांगी, जवसाची चटणी, आमच्या तिळाच्या वड्या, रघुवीरची केळी. भाकरीबरोबर बारक्या मुंग्या आल्या, त्यांची रांग कोठून निघते ते शोधण्यात माझी पाव घटका गेली. श्रीपादने उशी पळविली आणि झोपला. वरती तांबट पक्षी एकसारखा टुक् टुक् करीत होता. कोणाला काही बोलावेसे वाटत नव्हते. मलाही नाही — आणि हे पद्मजाने सर्वांच्या नजरेस आणून दिले.

पाचाला काम संपले. एकशे चौसष्ट झाडे. निघताना जोतिबा ४१ पासून ५३ पर्यंत एकटाच चालत गेला आणि परत आला.

"आता कागदावर आली म्हणा की," एवढेच म्हणाला.

सोमवार, २५ जानेवारी

यादी स्वच्छ उतरून काढीत आहे. उपयोगाच्या रकान्यात मन फार रमले. पुस्तके काढली, जुनी टिपणे काढली. जांभळापुढे लिहिले — "लाकूड चिवट. पाण्यात वर्षानुवर्षे कुजत नाही. विहिरीचे तळ, पुलाचे खांब यांस उत्तम." तेराही ठिकाणी पूर्ण लिहिले, "वरीलप्रमाणे" लिहिणे मला आवडत नाही.

पद्मजाने विचारले, जोतिबाभाऊंनी सांगितलेले सावलीचे कोठे लिहिले? मी म्हणालो, तसा रकाना नाही. सावली मोजायची कशाने? तिने मान हलवली आणि पुढचे पान वाळवायला घेतले.

गुरुवार, २८ जानेवारी

यादी रेंजरसाहेबांच्या हाती दिली. सोबत विनंती — सदर बन राखून ठेवावे. त्यांनी उभे राहून हात मिळविला! येताना खासबागेवरून आलो आणि जोतिबाला सांगितले.

सोमवार, ८ फेब्रुवारी

श्रीपाद कचेरीतून थेट घरी आला. बराच वेळ टोपी हातात फिरवीत बसला.

पुलांसाठी लाकडाची मागणी आली आहे. पाण्यात टिकणारे हवे. रेंजरसाहेबांनी माझी यादी उघडली आणि तांबड्या पेन्सिलीने उपयोगाच्या रकान्यावरून खाली येत गेले. एकूण एकतीस खुणा. त्यांत ४१ ते ५३, एकही न सोडता.

"तुझी यादी साहेबांना फार आवडली रे," श्रीपाद म्हणाला. "नाहीतर झाडं शोधण्यातच महिना गेला असता. आता नंबर बांधलेलेच आहेत."

मंगळवार, ९ फेब्रुवारी

शाळा. नववीला पाण्यावर वस्तू का तरंगतात ते शिकविले. नीट शिकविले.

बुधवार, १० फेब्रुवारी

रेंजरसाहेबांना भेटलो. सभ्य गृहस्थ आहेत. इतकी नेटकी यादी आपण नोकरीत पाहिली नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले. मी विणकरांचे सांगितले, पांजणी समजावली, कागदावर आकृतीही काढली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले. मग म्हणाले, हे सगळे पटते, पण मागणीच्या कागदात सावलीला जागा नाही.

माझेच वाक्य, दुसऱ्या तोंडून!

मी उठताना त्यांनी सांगितले, यादीत काही दुरुस्ती असेल — एखादे झाड पोकळ, किडलेले — तर सोमवारपर्यंत द्यावी. ती झाडे वगळून गुंजीकडील जंगलातून भरती करता येईल. झाड न् झाड पुन्हा तपासायला त्यांच्याजवळ माणूस नाही. "आपण शास्त्राचे शिक्षक. आपली सही आम्हाला पुरे."

मी सांगितले, दुरुस्ती नाही. एकही झाड पोकळ नाही. मी स्वतः पाहिले आहे.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

दोन दिवस टाळले. आज शाळेआधी खासबागेकडे गेलो. जांभळांखाली पांजणी चालू होती — या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरे सूत, आणि दोन्ही बाजूंनी माणसे कुंचे घेऊन पुढे सरत होती. मी कडेला उभा राहिलो. ताणा पुरा होईपर्यंत जोतिबाने वर पाहिले नाही. पांजणी मध्ये सोडता येत नाही.

मग मी सर्व सांगितले. यादी, तांबडी पेन्सिल, पुलाचे खांब. आपल्या रानात करवती येणार त्या माझ्या अक्षरावरून, हेही सांगितले. त्याने कुंचा धुतला, झटकला, पुन्हा धुतला. म्हणाला, वडगावच्या पाहुण्यांच्या दारात थोडी सावली आहे, आठ-दहा घरे तिथे जातील. उरलेल्या तीस घरांचे तो बोलला नाही.

मी क्षमा मागितली. सोनाबाई सूत गुंडाळीत होती. तिने हात थांबविला नाही.

"तुमी खोटं कुटं लिवलंसा, मास्तर? खरंच लिवलंसा. निस्तं लई लिवलंसा."

रागाने नाही. समजावून सांगावे तसे.

रविवार, १४ फेब्रुवारी

रघुवीर आला. श्रीपादने त्याला सगळे सांगितले होते. आज थट्टा केली नाही. उद्या सोमवार, म्हणाला. तेरा झाडे पोकळ म्हणून लिहून दे, विषय संपला.

मी रागावलो. मुलगा प्रयोग न करता वहीत बरोबर उत्तर लिहितो, तेव्हा मी त्याला शून्य देतो — बरोबर उत्तराला शून्य! एकोणीस वर्षे! आणि साहेबांनी विश्वासाने मागितलेल्या सहीखाली मी हे लिहू? रघुवीरने ऐकून घेतले. पायऱ्या उतरताना म्हणाला, "तुझ्या सहीला वजन आहे, ते आज आहे. झाडं पडल्यावर ती घेऊन काय करणार आहेस?"

जोतिबाला दुरुस्तीची ही सवड ठाऊक आहे. श्रीपादने त्यालाही सांगितले होते, असे रघुवीर म्हणाला. तरी परवा त्याने एका शब्दानेही सुचविले नाही.

दुपारी एकटाच बनात गेलो. तेराही खोडांवर दगडाने ठोकून पाहिले, कान लावून ऐकले. भरीव. प्रत्येक भरीव. एखादे तरी नसेल, अशी मला आशा होती.

सोमवार, १५ फेब्रुवारी

दुरुस्ती दिली. क्रमांक ४१ — खोड आतून पोखरलेले. क्रमांक ४२ — खोड आतून पोखरलेले. याप्रमाणे ५३ पर्यंत, प्रत्येकापुढे पूर्ण. खाली सही, पदवीसह. अक्षर चांगले आले.