जपानी विरहगीतं आणि माझं पूर्ण सावरणं

४ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाचा एकच संकल्प. ऋजुताचा विचार करायचा नाही. खरं तर संकल्पाची गरजच नाही. ती ऑक्टोबरात मिल्टन कीन्स सोडून लंडनमध्ये पिनरला राहायला गेली, त्याच वीकेंडला मी पूर्ण सावरलो. तरी लिहून ठेवलेलं बरं.
जाताना तिने कारण दिलं होतं की मी तिचं ऐकत नाही. नेमके शब्द आता आठवत नाहीत.

९ जानेवारी, शुक्रवार
शोध लागला! मराठी गाणी लावली की ऋजुता आठवते. हिंदी लावली की ऋजुताची आई आठवते. आज ऑफिसातून येताना अ‍ॅपने आपण होऊन एक जपानी पॉप गाणं लावलं. एक अक्षर कळलं नाही. म्हणजे आठवायला काही वावच नाही. शंभर टक्के सेफ.
चाल एकदम नाचरी. गाण्याच्या नादात राउंडअबाउटवरचा एक्झिट चुकला. पुन्हा चुकला. मग गाणं संपेपर्यंत गोल गोलच फिरलो. मागचा व्हॅनवाला काहीतरी ओरडला. जपानी नव्हतं, त्यामुळे कळलं.

१७ जानेवारी, शनिवार
प्लेलिस्ट तयार. जपानी लोकांची कुटुंबव्यवस्था फार सुंदर आहे. प्रत्येक गाण्यात गायक कळवळून 'आई ताई, आई ताई' अशी हाक मारतो. संकटात पहिली आठवण आईची, मग थोरल्या बहिणीची. आपल्याकडे ही मूल्यं राहिली नाहीत. नागपूरला ताईला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, बरा आहेस ना?
सुहास (फ्लॅटमेट. स्वभावाने चांगला, पण निरीक्षण फार) म्हणतो की मी भांडी घासताना रडतो. त्याला सांगितलं, हे-फीवर आहे, परागकणांची अ‍ॅलर्जी. तो म्हणाला, जानेवारीत? म्हटलं, क्लायमेट चेंज.

२१ जानेवारी, बुधवार
लायब्ररीतल्या जपानी क्लासला नाव घातलं. केवळ करिअरसाठी. शिकवायला हरादा सेन्सेई. बाई साठीच्या असाव्यात, कमालीच्या नम्र. वर्गात आणखी एक मराठी निघाल्या, गिरिजाताई. जीपी सर्जरीत, म्हणजे इथल्या दवाखान्यात, रिसेप्शनला असतात, घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मोठी आहे. जपानी का शिकता विचारलं, तर म्हणाल्या, संध्याकाळी कोणी 'जेवायला काय आहे' असं विचारत नाही, म्हणून वेळ असतो.
मी सेन्सेईंना आई-ताईबद्दल सांगितलं. त्यांनी तोंडावर हात धरला. 'आइताइ' म्हणजे 'तुला भेटावंसं वाटतंय' म्हणे. ही सगळी ब्रेकअपनंतरची गाणी. प्रेम संपलंय, पण गायकाचं संपलेलं नाही. त्याला शब्दही आहे, 'मिरेन'. सुटलेलं न सुटणं.
मिरेन! एक वेलांटी काढली की मराठी होतं.
गिरिजाताईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

४ फेब्रुवारी, बुधवार
होमवर्क म्हणून एका गाण्याचं भाषांतर केलं. त्यातला माणूस सवयीने दोन कॉफ्या घेतो आणि दोन्ही पितो. तिचा स्कार्फ राहिलाय सांगायला तिला फोन करतो. स्कार्फ मुळात राहिलेलाच नसतो. मी इंग्रजीत लिहिलं, 'नायक उदार असून हरवलेल्या वस्तूंबाबत दक्ष आहे.'
सेन्सेईंनी हळूच 'दक्ष' खोडलं आणि वर जपानीत काही लिहिलं. गिरिजाताईंनी अर्थ सांगितला: 'केविलवाणा'.
मला पटलं नाही. पण असे लोक जगात असतात, हे मान्य.

७ फेब्रुवारी, शनिवार
ऋजुताला फोन केला. कारण व्यावहारिक होतं, तिच्या कुकरची शिट्टी इकडे राहिली आहे. एका पुरुषाने फोन उचलला. म्हणाला, ती आंघोळीला गेलीय, काही निरोप आहे का? आवाज मराठी, अत्यंत नम्र. प्लंबर असणार. पिनरला प्लंबर फोनसुद्धा घेतात, याला म्हणतात सर्व्हिस.
नंतर सुहासने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं की त्याच्या कुकरची शिट्टी कोणी पळवली.

११ फेब्रुवारी, बुधवार
गुढीपाडव्याचा कार्यक्रम हॅरोला आहे, मार्चमध्ये. ज्याला हवं त्याने काहीही सादर करावं. मी जपानी गाण्यासाठी नाव दिलं, सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणून. ऋजुता संयोजनात आहे, हे मला नाव दिल्यावर कळलं. (आधी कळलं होतं, पण नाव द्यायचं मी त्याच्याही आधी ठरवलं होतं. बहुतेक.)
तिचा मेसेज आला. 'ओके. चार मिनिटं मॅक्स.' सुहासला दाखवला. म्हटलं, 'ओके'नंतर पूर्णविराम दिलाय, म्हणजे भावना आवरतेय. तो म्हणाला, मला ती वेळ आवरताना दिसतेय.

११ मार्च, बुधवार
तयारी जोरात. वर्गात तेच दोन कॉफ्यांचं गाणं गाऊन दाखवलं. सेन्सेई म्हणाल्या उच्चार चांगले आहेत, दुसऱ्या कडव्यात मात्र श्वास तुटतो. तिथे तो माणूस म्हणतो, 'तू बोलायचीस तेव्हा मी पुढे काय बोलायचं ते ठरवत बसायचो.' तिथे श्वास का तुटतो कळत नाही. दम्याची टेस्ट करून घ्यावी.
क्लास सुटल्यावर गिरिजाताई बसस्टॉपपर्यंत सोबत आल्या. म्हणाल्या, "परीक्षित, गाणं कुणासमोर म्हणायचंय?" म्हटलं, दोनशे लोकांसमोर. त्या म्हणाल्या, "तिला एकटीला गाठून मराठीत सांग. दोन मिनिटांत होईल." मी हसलो. विषयच नाही तर सांगायचं काय?

२१ मार्च, शनिवार. सायंकाळी, हॅरोच्या कार पार्कमध्ये
सगळं ताजं असताना लिहितो.
माझा नंबर लहान मुलांच्या लेझीमनंतर. निवेदिका वैभवीने मला 'चायनीज गाणं' म्हणून पुकारलं. झब्बा कडक इस्त्रीचा. गायलो. पहिल्या कडव्यातच लोकांनी ठेका धरला. पुढच्या रांगेतल्या मधुमती काकू तर उठून चक्क फुगडीच्या पवित्र्यात आल्या. दुसऱ्या कडव्याला आवाज गेला. पूर्ण गेला. ट्रॅक पुढे चालू आणि मी माइक धरून उभा. डोळ्यांत हे-फीवर. लोकांना वाटलं, हा त्यातलाच भाग आहे. प्रचंड टाळ्या!
ऋजुता हॉलमध्ये नव्हती.
ती बाहेर होती. कुणीतरी शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेपुढे गाडी लावली होती, ती काढायला लावत होती. माझीच गाडी होती, पण ते महत्त्वाचं नाही.
मग ती स्वतःच माझ्याजवळ आली. हिरवी साडी. म्हणाली, "मी मिस केलं रे. छान झालं म्हणतात सगळे. काकू सांगत होत्या, तू रडलास."
म्हटलं, फॉर्मच तसा आहे. परफॉर्मन्स.
ती मग हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग. माझ्यासाठी होतं का ते?"
आता लिहिताना लक्षात येतंय की तिने विचारलं आणि मी खरंच ऐकलं. पुढे काय बोलायचं ते ठरवत नव्हतो. काही सुचतच नव्हतं. दोन मिनिटं पुरली असती. ती वाट पाहत होती, घाई नव्हती तिला.
मी म्हणालो, "छे गं. करिअरसाठी."
तिने इतका मोठा श्वास सोडला की साडीची पिन हलली. "बरं झालं बाई," म्हणाली. "मला फार टेन्शन होतं, तुला कसं सांगू." आणि हाक मारली, "वरद, ये रे!"
वरद आला. उंच. अत्यंत नम्र. आवाज मी ओळखला. तो प्लंबर नाही. फायनान्समध्ये आहे.

२२ मार्च, रविवार
सकाळी वरदचा फोन. ऑगस्टमध्ये लग्न आहे, हॅरोलाच. म्हणाला, "काल तुझं गाणं ऐकलं, काय एनर्जी आहे यार! शब्द कळले नाहीत, पण एकदम हॅपी साँग. आमच्या संगीतला म्हणशील? ऋजुताचं राहिलंय ना ऐकायचं."
अर्थ सांगायची हीच वेळ होती. तोंड उघडलंही.
हो म्हणालो.
दोघं पहिला डान्स त्यावरच करणार आहेत. वरदला दुसरं कडवं विशेष आवडलंय, ते दोनदा घ्यायचं आहे.