खालच्या भावासाठी

३ मार्च
पोहोचलो एकदाचा! बुसानहून सात तासांची बस, अंगाचा पार खुळखुळा झाला. ब्योंगहोदादा बंदरावर हजर होता. नौदलात आम्ही जोडीनं बुड्या मारल्या. मला तो धाकटा भाऊच म्हणतो. त्याचा सख्खा धाकटा मानसू तीन वर्षांपूर्वी रात्री दिवे लावून माकूळ मासळी पकडायच्या बोटीसकट बुडाला. त्याला वर काढायचं काम मी अंगावर घेतलंय. दादाच्या आईनं, काकूंनी, नको नको म्हणताना मासळीचं कालवण वाढलं. माझी जन्मतारीख, जन्मवेळही विचारून घेतली. माझ्या रक्षणासाठी समुद्रदेवापुढे ठेवायची म्हणे. मीही लाडात येऊन घडाघडा सांगितली.

५ मार्च
पहिली बुडी. पाणी पाच अंश, बोटांची लाकडं झाली. बोट तळाशी सरळ बसलीय, दिव्यांच्या रांगा शाबूत. सुकाणूच्या खोलीत मानसू होता. हाडं नव्हेत, अख्खा माणूस, नुकतीच दाढी केल्यासारखा. वर येऊन सांगितलं तर दादा खदखदून हसला. म्हणाला, थंडीनं तुझ्या मेंदूचा बर्फ झालाय, लेका. काकू हसल्या नाहीत. तो तुझ्याकडे बघत होता का, एवढंच त्यांनी विचारलं.

६ मार्च
आज तो दारात उभा होता. बघत होता. आता उतरणार नाही, साफ सांगितलं. दादानं माझे हात धरले. उद्या मांत्रिकबाई बोटीवर पूजा करणार. तिची तांदळाची वाटी मानसूजवळ ठेवली की तो सुटेल. कमरेला दोरी बांध, दोन हिसके दे, लगेच वर ओढतो, म्हणाला. रडत होता. या माणसाला नाही कसं म्हणू?

७ मार्च, पाण्याखाली लिहायच्या पाटीवर
वाटीवर बांधलेलं फडकं सोडू नको, दादा म्हणाला होता. दाराला आपटून सुटलं. तांदळात कागद — माझं नाव. जन्मतारीख. वेळ. खाली दादाचं अक्षर — मानसूच्या बदली.

बुडालेला सुटतो, दुसरा कुणी त्याच्या जागी आला की. लहानपणापासून ऐकतोय. आणि मीच गाढवासारखा —

मानलेला देऊन सख्खा सोडवलास, दादा!

तरी दोन हिसके दिले. दुसरं कोण आहे मला इथं.

ओढायला लागला. दोरी वर चाललीय — पण माझ्या कमरेला नाही — मानसूच्या — माझे पाय हलत नाहीत — दादा ओढतोय, सावकाश, जपून — अरे, मीही तुझा —